आधी कुठला मजला ते विचारा, मग पाना उचला

लोअर परळच्या एका १४ मजली ऑफिस बिल्डिंगचं प्लंबिंग मी ११ वर्षं बघतोय. सोमवारी साडेदहाला हमखास फोन येतो, "फ्लशला जोर नाही." पोऱ्या लगेच पाना घेऊन निघतो. त्याला बसवतो आणि विचारायला लावतो: कुठला मजला, एकच कमोड की सगळे, दिवसभर की ठरावीक वेळेलाच?

एकच कमोड असेल तर बादली घ्या. ८-१० लिटर पाणी एका दमात ओता. भसकन गेलं तर ड्रेनेज ठीक, दोष पाण्याच्या बाजूला. वर चढून सावकाश उतरलं तर खाली तुंबलंय; बहुतेक वेळा वाइप्स नाहीतर पॅड निघतो. गुडगुड होऊन शेजारच्या कमोडमधलं पाणी हललं तर गच्चीवर जाऊन व्हेंट पाइपचं (ड्रेनेजला हवा देणाऱ्या पाइपचं) तोंड बघा. कबुतरांना ती जागा फार आवडते.

पाण्याच्या बाजूला पहिला संशय क्षारांवर. आमच्या फ्लशला एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी, ते कमी पडलं की बोअरिंगचं. कमोडच्या कडेखाली छोटा आरसा धरा, भोकं पांढरी पडलेली दिसतील. तारेने मोकळी करा. फ्लश वॉल्वचा, म्हणजे टाकीशिवाय थेट लाइनवरून फ्लश करणाऱ्या वॉल्वचा, पाणी कमी-जास्त करायचा कंट्रोल स्क्रूही बघा. मे महिन्यात पाणीकपात लागली की कोणीतरी तो आवळून ठेवतो, आणि पाऊस येऊन तलाव भरले तरी सोडायचं कोणाला सुचत नाही. वॉल्वमधल्या डायफ्रामला (रबरी पडद्याला) चीर असेल तर फ्लश अर्ध्यातच मिटतो. तो बदलायचा, चिकटवत बसायचं नाही.

वरच्याच मजल्यांची तक्रार असेल तर हिशोब साधा आहे. गच्चीवरची टाकी १० मीटर वर असली की साधारण १ बार दाब मिळतो. आमचा १४वा मजला टाकीच्या जेमतेम ४ मीटर खाली, म्हणजे ०.४ बार. फ्लश वॉल्वला १ बारच्या आसपास लागतो, म्हणून वर बूस्टर पंप बसवलाय. तो ट्रिप झालाय का, एवढंच आधी बघायचं. खालच्या मजल्यांवर पीआरव्ही, म्हणजे जादा दाब कमी करणारा वॉल्व, असते. तिथे तिच्या आधीचा स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) काढून धुवा. मागे स्वतःची छोटी टाकी असलेल्या कमोडला दाब कमी असला तरी चालतं, फक्त भरायला वेळ लागतो.

एकाच उभ्या लाइनवरचे सगळे मजले रडायला लागले, तर पाइपांच्या उभ्या डक्टमध्ये शिरा. गेल्या वर्षी आमच्या मागच्या लाइनला ९व्यापासून खाली जोर नव्हता. लाइन बंद-चालू करणारा गेट वॉल्व पूर्ण उघडा, चाक छान फिरत होतं. दोन दिवस कमोडच खोलत बसलो. शेवटी वॉल्वच्या वर आणि खाली दाब मोजायचा गेज लावला: वर २.१ बार, आणि कोणी फ्लश ओढला की खाली ०.३. आतला गेट, म्हणजे पाणी अडवणारी चकती, स्पिंडलपासून (चाकाच्या दांड्यापासून) तुटून खाली पडला होता. चाक फिरायचं, गेट जागचा हलायचा नाही.

रविवारी रात्री लाइन रिकामी करून बॉल वॉल्व टाकला. जुना वॉल्व पंप रूममध्ये ठेवलाय. नवीन पोरगा आला की त्याच्या हातात देतो आणि विचारतो, "हा उघडा आहे की बंद?"