प्रोलॉगमध्ये ‘स्टॅक लिमिट एक्सीडेड’: माझा अनुभव

मुंबई लोकलचा डेटा फंक्शनच्या रूपात होता: शेजारी(दादर) विचारलं की प्रभादेवी, माटुंगा रोड, परळ, माटुंगा. त्यावर एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये (तथ्यं आणि नियमांवर चालणाऱ्या प्रोलॉग भाषेची एक आवृत्ती) ‘पोहोच’ हा रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा, नियम लिहिला: एका स्थानकावरून कुठे कुठे जाता येतं ते शोधणारा. पण क्वेरी (त्याला विचारलेला प्रश्न) १ जीबी स्टॅक, म्हणजे अर्धवट कामांची नोंद ठेवणारी मेमरी, खाऊन याच एररने कोसळायला लागली. नियमांचा क्रम बदलला, स्टॅक वाढवला. कोसळायला उशीर झाला, इतकंच. दोन रात्री फुकट.

दादरहून परळ, परळहून परत दादर, हे चक्र साध्या प्रोलॉगला कळत नाही; तो फिरतच राहतो.

आधी फंक्शन दोन रकान्यांत उतरवलं: शेजारी(दादर, परळ), प्रत्येक उत्तराला वेगळी ओळ. मग नियमांच्या वर पोहोच/२ (दोन रकान्यांचा ‘पोहोच’) साठी ‘टेबल’ डायरेक्टिव्ह, म्हणजे मिळालेली उत्तरं साठवून चक्र थांबवण्याची सूचना. मग प्रोलॉग बंद करून फाइल नव्याने लोड. प्रत्येक स्थानक एकदाच आलं, क्वेरी संपली. चालू सत्रात डेटा बदललात तर साठवलेली उत्तरं पुसणारी ‘अबॉलिश ऑल टेबल्स’ कमांड चालवा, नाहीतर शिळी उत्तरं येतात.