सर्व्हरची निवड बरोबर होतेय का, हे कसं मोजायचं

समजा, पुण्यातल्या दहा ग्रंथालयांच्या कॅटलॉगसाठी एकच सर्च बॉक्स आहे, प्रत्येक कॅटलॉगचा वेगळा सर्व्हर आहे आणि प्रत्येक प्रश्न सिस्टीम निवडेल त्या तीनच सर्व्हरकडे जातो. आधी किमान 50 खरे प्रश्न जमवा, प्रत्येक प्रश्न दहाही सर्व्हरना विचारा आणि पहिले 20 निकाल माणसाकडून तपासून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलंत तर पुढचे आकडे पोकळ.

‘पानशेतचा पूर 1961’ला उपयुक्त निकाल चार सर्व्हरवर 16, 12, 7 आणि 5 मिळाले, इतरत्र शून्य. उत्तम तिघांची बेरीज 35. सिस्टीमने 16, 7 आणि 5 वाले निवडले, म्हणजे 28. भागाकार 0.8, हाच गुण. सगळ्या प्रश्नांची सरासरी काढा. ‘नेहमी सर्वांत मोठे तीन’ ही साधी निवडही शेजारी चालवून बघा. तिला मागे टाकता येत नसेल तर कोरीसारखी (CORI: प्रश्नातले शब्द कोणत्या सर्व्हरच्या किती नोंदींत आहेत, यावरून सर्व्हरना क्रम देणारी) पद्धत लावून उपयोग नाही.

गुण पडले तर आधी नमुना तपासा. सर्व्हरची ओळख बऱ्याचदा त्यातून नमुना म्हणून काढलेल्या 300च्या आसपास नोंदींवरून ठरते. त्यात दुर्मिळ विषय सुटतात. मराठीत आणखी एक खोच: ‘पूर’ शोधलं आणि नमुन्यात फक्त ‘पुराचा’, ‘पुरात’ असेल, तर योग्य सर्व्हरही निवडीत मागे पडतो.