ऑनलाइन टीममधल्या उद्धटपणाला उत्तर कसं द्यावं?

ग्रुपवर मेसेज येतो: "हे मी आधीच सांगितलं होतं ना?" सोबत मॅनेजरला टॅग. शिवी नाही, आवाज चढलेला नाही, तरी ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला तो दिवसभर बोचत राहतो. जाब विचारावा तर "मी साधं विचारलं" हे उत्तर तयारच असतं. अँडरसन आणि पिअर्सन या अभ्यासकांनी १९९९ मध्ये कामावरच्या असभ्यपणाची व्याख्या केली, तिच्यातही हेतूची ही संदिग्धता आहेच. टोमण्याला टोमणा मिळत गेला की प्रकरण चिघळतं, असंही त्यांनी मांडलं होतं.

मी टीम सांभाळते. माझं ठाम मत आहे की दखल घ्यायचीच, पण ती कृतीची. हेतूवर वाद घालत बसायचं नाही.

चॅटवरच्या टोमण्याला चॅटवर उत्तर देऊ नका. लेखी शब्दांतून सूर नीट पोचत नाही. २००५ च्या एका प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की उपरोध आहे की नाही, हे समोरचा ७८ टक्के वेळा ओळखेल. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळाच ओळखलं गेलं. म्हणून राग निवळला की त्याच दिवशी फोन करा आणि एवढंच बोला: "सकाळी तू ग्रुपवर 'आधीच सांगितलं होतं' असं लिहून सरांना टॅग केलंस. मला ते चारचौघांत झापल्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी आधी मला विचारशील?" मग थांबा. ती शांतता अवघड जाते, पण घाईने "जाऊ दे, काही नाही" म्हणू नका. समोरच्याने हसण्यावारी नेलं तर "चेष्टा असेल, तरी आधी मला विचार" इतकं पुरे.

निम्मे ऑफिसात, निम्मे घरी अशा मीटिंगमध्ये मला सगळ्यात जास्त अन्याय दिसतो. खोलीतले आपसांत बोलतात, फळ्यावरचं कॅमेऱ्यात दिसत नाही, घरून कोणी "एक मिनिट" म्हणेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मीटिंग तुम्ही चालवत असाल तर प्रत्येक मुद्द्यावर आधी ऑनलाइन असलेल्यांना बोलू द्या आणि चॅटवर लक्ष ठेवायला खोलीतलं एक माणूस नेमा. कॉल संपल्यावर चहा पिताना काही ठरलं, तर अंमलबजावणीआधी ते ग्रुपवर लिहा. माणसाच्या कामाबद्दलचा निर्णय त्याला वगळून घेणं मला टोमण्याहून वाईट वाटतं.

कॅमेरा बंद असणं किंवा उशिरा उत्तर देणं याला लगेच उद्धटपणा म्हणू नका. तातडीच्या कामाला फोन करायचा, हे टीमने आधीच ठरवून घ्यावं.

बोलूनही तेच चालू राहिलं, तर तारीख, शब्द आणि त्यामुळे अडलेलं काम यांची नोंद ठेवा आणि ती घेऊन मॅनेजरकडे जा. मॅनेजरच तसं वागत असेल तर एचआरकडे. धमकी, लैंगिक शेरे किंवा जात-धर्मावरून हिणवणं असेल तर समजुतीचा फोन करत बसू नका, पुरावा जपून थेट तक्रार करा.

आणि दुसऱ्या कोणाचं बोलणं मध्येच तोडलेलं दिसलं, तर तिथल्या तिथे म्हणा, "तिचं बोलणं राहिलंय, तिला पूर्ण करू दे."