नायलॉनच्या गिटारवर बाखपासून प्रोग रॉकपर्यंत: ठाण्याच्या हवेत वाद्य आणि हात कसा तयार करायचा

जेनेसिस, येस, जेथ्रो टल हे प्रोग रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) वाजवणारे बँड ऐकता ऐकता गिटार हातात घ्यावीशी वाटली की बहुतेकजण आवडत्या तुकड्याचं टॅब शोधतात आणि दुसऱ्याच ओळीपाशी अडकतात. टॅबमध्ये डाव्या हाताची बोटं कुठे ठेवायची ते असतं. उजव्या हाताबद्दल सहसा काहीच नसतं. आणि या तुकड्यांची सगळी मेख उजव्या हातात आहे. जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट आणि येसचा स्टीव्ह हाऊ यांनी १९७१-७२ च्या सुमारास अल्बममध्ये घातलेले एकट्या गिटारचे तुकडे शास्त्रीय आणि फ्लॅमेंको गिटारच्या सवयींवर उभे आहेत. त्या सवयी आधी लावायच्या, तुकडा नंतर.

पण त्याआधी वाद्य. ठाणे आणि नवी मुंबईत दोन्हीकडे खाडी, त्यात चार महिने पाऊस. इथे वाद्याकडे दुर्लक्ष केलं तर रियाझ कितीही करा, गिटार सुरात राहत नाही.

दुकानात काय तपासायचं

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या दुकानात जाताना एक मोजपट्टी आणि फोनमधला ट्यूनर बरोबर असू द्या. शास्त्रीय गिटारमध्ये वरच्या नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) सॅडलपर्यंतचं (खाली ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) अंतर साधारण ६५० मिमी आणि नटची रुंदी ५२ मिमीच्या आसपास असते. लहान मुलांसाठी तीन-चतुर्थांश आकार घ्या. मोठ्यांनी मात्र ‘हात लहान आहे’ म्हणून तो घेऊ नये. अडचण बहुधा हाताच्या आकाराची नसते, मनगट वाकडं धरल्याची असते.

बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार किती उंच आहे ते मोजा. जाड सहाव्या तारेखाली ४ मिमी, पहिलीखाली ३ मिमी ठीक. ५ मिमीच्या वर असेल तर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) धरताना जीव जाईल. मग सहावी तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर मान पुढे वाकलेली आहे, आणि बऱ्याच शास्त्रीय गिटारमध्ये मान सरळ करणारा ट्रस रॉड नसतोच. शेवटी प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता, फक्त स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दोघांत सुई ठळक सरकली तर ती गिटार ठेवून द्या.

लाकडाबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. वरची फळी सॉलिड स्प्रूस किंवा सीडरची असेल तर आवाज निःसंशय चांगला. पण घरात एसी नाही, बंद होणारी केस नाही आणि गिटार भिंतीला टांगायची असेल, तर पहिली गिटार प्लायच्या फळीचीच बरी. ती कमी गाते, पण पावसाळ्यात फारशी फुगत नाही.

या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो. स्टीलच्या हलक्या संचाचासुद्धा ७० च्या वर जातो. ब्रिज उचकटून येतो, आणि त्याबरोबर फळीचे तंतूही.

पाऊस आणि फेब्रुवारी

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैमध्ये आपल्याकडे ८०-९० टक्के सहज असते. फळी पाणी पिते, ब्रिजच्या मागे पोट निघतं, तारा वर उचलल्या जातात. लोक म्हणतात गिटार ‘जड झाली’. उलट हिवाळ्यात आणि फेब्रुवारीत कोरडी हवा आली की फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाजूने हाताला टोचू लागतात. लोक पावसालाच घाबरतात, पण फळीला चीर जाते ती कोरड्या दिवसांत.

केसमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात खाण्याचं मीठ, त्यावर पाण्याचे काही थेंब, इतकेच की मीठ चिखलासारखं होईल, विरघळणार नाही. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर मापक पाच जास्त दाखवतो. तेवढे वजा करून वाचा.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या ठेवा, एक डोक्यापाशी, एक शरीराच्या बाजूला, लाकडाला न टेकवता. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या, म्हणजे कधी भरलं ते दिसतं. ते स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या पॅनमध्ये मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतं. कपाटात ठेवतात त्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मात्र केसमध्ये नकोत. त्या ओलावा शोषून स्वतःच पाणी होतात आणि सांडतात.

रात्री एसी आणि दिवसा उघड्या खिडक्या, हा झोका वाद्याला कायम दमट हवेपेक्षा वाईट. वाजवून झालं की गिटार केसमध्ये. बाहेरच्या भिंतीवरचा हूक विसरा. पावसाळ्यात ती भिंत आतून ओली असते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून आल्यावर उन्हात बंद गाडीतही गिटार सोडायची नाही, सरस मऊ होतो.

तारा तरीही उंच वाटत असतील तर सॅडल घासून उतरवता येतं. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी हवा असेल तर सॅडलच्या तळातून २ मिमी काढावे लागतात, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर येतो. पेन्सिलने रेघ मारा, काचेवर १५० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा, दर अर्ध्या मिलिमीटरला बसवून पाहा. हे काम नवीन, जादा सॅडलवर करा. मूळचं जपून ठेवा, फेब्रुवारीत तेच लागेल.

तारा बांधणं

सुरुवातीला ‘नॉर्मल टेन्शन’चा संच घ्या. पहिली तार ब्रिजच्या भोकातून साउंडहोलच्या बाजूने घालून मागे पाच-सहा सेंटीमीटर बाहेर काढा, वर आणून ब्रिजसमोर त्याच तारेखालून फिरवा आणि मग तिच्याच फाशात अडकवा. पहिल्या तीन गुळगुळीत तारांना दोन-तीन वेढे, खालच्या गुंडाळलेल्या तारांना एक पुरे. शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेवर दबला पाहिजे. तो वरच्या पृष्ठावर राहिला तर ताण येताच गाठ सुटते आणि तारेचं टोक फळीवर चाबकासारखं बसून खड्डा पाडतं. म्हणून बांधताना ब्रिजमागे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा.

नवीन नायलॉन तीन-चार दिवस ताणत राहतं. खुंटीला दोष देऊ नका. सूर लावताना पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे हार्मोनिक जुळवण्याची पद्धत वापरत असाल तर एक लक्षात घ्या: सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो आणि गिटारच्या फ्रेटचा पंचम त्याहून सुमारे २ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरा असतो. तारेमागून तार अशी जुळवत गेलं की चूक साचत जाते. प्रत्येक तार स्वतंत्रपणे ट्यूनरवर लावा.

बसणं आणि नखं

मांडी घालून गिटार वाजवायची आपली सवय इथे सोडावी लागते. खाली बसलं की गिटारची मान जमिनीकडे झुकते आणि डावं मनगट वळतं. हात नसलेली खुर्ची, तिच्या पुढच्या कडेवर बैठक, डाव्या पायाखाली १२ ते १५ सेंटीमीटरचा पाट. खुंट्या डोळ्यांच्या उंचीवर यायला हव्यात.

उजव्या हाताची नखं बोटाच्या टोकापुढे एक-दीड मिमी. बारीक कानसीने आकार द्या आणि शेवटी १००० किंवा त्याहून बारीक पेपरने कड गुळगुळीत करा. खरखरीत कड नायलॉनवर फरफटते आणि आवाज पत्र्यासारखा येतो. भांडी घासून लगेच वाजवायला बसू नका. भिजलेलं नख वाकतं आणि फाटतं.

उजवा हात: जुलियानीचे एकशेवीस

शास्त्रीय गिटारचा रचनाकार मॉरो जुलियानी याच्या ओपस १ मध्ये उजव्या हाताचे १२० व्यायाम आहेत आणि डाव्या हाताला जवळजवळ काहीच काम नाही: सी आणि जी सेव्हन, एवढे दोनच कॉर्ड. म्हणूनच ते मोलाचे आहेत. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, चौघांची नावं शीटवर पी, आय, एम, ए अशी असतात. पहिले दहा मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला दोन सूर. रोज पंधरा मिनिटं पुरतात. अनामिकेचा सूर इतरांपेक्षा हलका येतो का, एवढंच ऐका. वेग आपोआप येतो. समतोल मुद्दाम आणावा लागतो.

बरोबर मातेओ कार्कासीच्या ओपस ६० मधला तिसरा अभ्यास घ्या. त्यात वरचा सूर गाणं म्हणतो आणि आतले सूर साथ करतात. ते वेगळं ऐकू आलं नाही तर पुढचं काहीही ऐकू येणार नाही.

बाखची बूरे, मग जेथ्रो टल

बाखच्या ई मायनर ल्यूट सूटमधली, बीडब्ल्यूव्ही ९९६ (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) मधली बूरे ही प्रोग रॉककडे जाणारी सगळ्यांत सरळ वाट. जेथ्रो टलने १९६९ मध्ये ‘स्टँड अप’ या अल्बमवर तीच रचना बासरीवर, जॅझच्या झोकात वाजवली. झोक नंतर. आधी सूर सरळ आणि समान हवेत, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून चिखल होतो.

ही रचना समेवर सुरू होत नाही. दोन छोटे सूर समेच्या आधी पडतात आणि तिसऱ्यावर सम येते. पहिल्याच सुरावर पाय आपटणाऱ्याला शेवटपर्यंत आघात उलटा पडतो. बसवण्याचा क्रम असा: फक्त खालचा आवाज अंगठ्याने, मग खालचा वाजवत वरचा गुणगुणायचा, मग दोन्ही, चार-चार मात्रांनी. खालचा आवाज पायरीपायरीने चालतो आणि मोकळ्या ए किंवा ई तारेवरून पुढे सरकला की मागचा सूर तसाच घुमत राहतो. अंगठा हलकेच टेकवून तो थांबवावा लागतो. हे केलं नाही तर रचना पाठ असूनही गढूळ वाटते, आणि कारण सापडत नाही.

हॅकेट आणि हाऊ

हॅकेटचं ‘होरायझन्स’ जेनेसिसच्या १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’ अल्बमवर आहे, दोन मिनिटांपेक्षाही लहान, आणि त्याची सुरुवात बाखच्या जी मेजर चेलो सूटच्या प्रेल्यूडची आठवण करून देते. त्यातल्या हार्मोनिकसाठी बोट फ्रेटच्या आधी नाही, धातूच्या पट्टीच्या बरोबर वर, फक्त स्पर्श. तार छेडताच बोट उचला. उजवा हात ब्रिजकडे सरकवा, सूर उजळतो. वाजवताना कॉर्डचे आकार उशिरापर्यंत धरून ठेवा. या तुकड्याचं सौंदर्य एकमेकांवर सांडणाऱ्या सुरांत आहे, म्हणजे बूरेमध्ये जे थांबवायला शिकलात ते इथे मुद्दाम होऊ द्यायचं.

स्टीव्ह हाऊचं ‘मूड फॉर अ डे’, येसच्या १९७१ च्या ‘फ्रॅजाइल’ अल्बमवरचं, हे स्पॅनिश अंगाचं आहे. रासगेआदोसाठी (फ्लॅमेंकोतली बोटांनी तारा झाडण्याची पद्धत) मूठ सैल मिटून बोटं एकामागून एक बाहेर फेकायची, मनगट स्थिर. शास्त्रीय गिटारच्या फळीवर फ्लॅमेंकोसारखी संरक्षक पट्टी नसते. जोशात नखांचे ओरखडे पडतात, ते पॉलिशने जात नाहीत.

सात आणि नऊ

विषम मात्रांना इथला कानसेन घाबरत नाही, रूपक सगळ्यांच्या ओळखीचा. फक्त दोन ठिकाणी फसगत होते. रूपकाची वाटणी ३-२-२ आणि पहिली मात्रा ‘खाली’ची, म्हणजे टाळीविना. प्रोग रॉकमधले अनेक सातचे तुकडे २-२-३ असतात आणि पहिल्या मात्रेवर जोरदार ठोका असतो. वाजवण्याआधी टाळी देऊन वाटणी शोधा. ‘फॉक्सट्रॉट’वरच्याच ‘सपर्स रेडी’त एक भाग नऊच्या मात्रांचा आहे, खालची चाल ३-२-४. तोंडाने ‘तकिट तक तकधिमि’ म्हणत चालून पाहा, मग गिटार घ्या. मेट्रोनोम मात्रेमात्रेला लावू नका, आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावरच लावा. मधल्या मात्रा तो मोजून देत राहिला तर तुम्ही मोजत नाही.

सोसायटीच्या मंचावर

गणेशोत्सवात वाजवायची वेळ आलीच तर साउंडवाला माइक थेट साउंडहोलसमोर ठेवेल. तिथून गडगडाट येतो आणि फीडबॅक सुरू होतो, कारण गिटारच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यांत जास्त घुमते. माइक बाराव्या फ्रेटच्या दिशेने, २० ते ३० सेंटीमीटरवर ठेवायला सांगा आणि १२० हर्ट्झखालचं कापायला सांगा. इलेक्ट्रिक गिटारचा मॅग्नेटिक पिकअप नायलॉनवर चालत नाही. सॅडलखाली बसणारा, कंपनं टिपणारा पिएझो पिकअप लागतो. मंडपाची हवा खोलीपेक्षा दमट आणि दिव्यांखाली गरम असते, म्हणून वीस मिनिटं आधी केस उघडून गिटार तिथेच ठेवा आणि खालच्या तीन तारा अगदी शेवटी पुन्हा लावा.