पिशवी काढायचं ऑपरेशन ठरलंय? सहीआधीची तयारी

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात आधी पैशांची जमवाजमव सुरू होते, मग दवाखान्यात रात्री कोण थांबणार आणि डबा कोण नेणार हे ठरतं. संमतीपत्राचं नाव कोणी काढत नाही. तो कागद ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्स घेऊन येते, खालच्या रेघेवर बोट ठेवते आणि सही मागते. माझ्या ताईच्या हातात तर तो आलाच नाही. दाजींनी बाहेर काउंटरवर सही केली आणि गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढल्याचं ताईला तीन महिन्यांनी, दुसऱ्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड वाचल्यावर कळलं. रात्र-रात्र घामाघूम होऊन का जागी राहते, याचा उलगडा तिला त्या दिवशी झाला. म्हणून तयारी आठवडाभर आधीच सुरू करा.

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आजाराचं नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. ‘पिशवीला सूज आहे’ एवढ्यावर घरी परतू नका. फायब्रॉइडची गाठ आहे का, असली तर कुठे आणि केवढी, सोनोग्राफीच्या रिपोर्टात नेमकं काय म्हटलंय, ते विचारा. खाली तुमचे प्रश्न लिहा. गोळ्यांनी भागेल का? हार्मोन सोडणारी, कॉपर-टीसारखी आत बसवायची वस्तू चालेल का? नुसती गाठ काढता येईल का? सहा महिने थांबलं तर काय बिघडेल? अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढली तर हाडांचं, झोपेचं काय? ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं कोणी म्हणालं, तर कोणत्या तपासणीवरून म्हणताय ते विचारायला अजिबात कचरू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांना हीच भीती घातली गेली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मजुरी कापली जायची, त्यामुळे पिशवी काढून टाकणं त्यांनाही सोयीचं वाटू लागलं होतं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा पाहणीतल्या सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढल्याचं समोर आलं. त्यातल्या कितीजणींना दुसरा उपाय कोणी सांगितला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रिपोर्टांच्या झेरॉक्स काढून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडीही चालेल. दुसरं मत घेणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतला हक्क आहे. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून तो सोडू नका.

संमतीपत्राचा नमुना आदल्या दिवशी नाही, त्याच्याही आधी मागा. मराठीत नसेल तर मराठीत मागा आणि घरी बसून वाचा. ‘आवश्यक वाटल्यास अन्य कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास संमती आहे’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं की थांबा. का थांबायचं, ते समीरा कोहली खटल्यातून कळतं. 1995 साली दिल्लीतली 44 वर्षांची अविवाहित समीरा दुर्बिणीच्या तपासणीसाठी गेली. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय, बीजवाहिन्या आणि अंडाशयं काढली गेली. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, उपचारही रुग्णाच्या भल्यासाठीच केला, तरीही ही संमती संमती नव्हे. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती आणि जिवावर बेतलेलं नव्हतं. तेव्हा तिला विचारायला थांबायला हवं होतं. तपासणीची परवानगी म्हणजे उपचाराची परवानगी नाही आणि एका ऑपरेशनची म्हणजे दुसऱ्याची नाही. 25 हजार रुपये भरपाई मिळाली आणि डॉक्टरांना आपलं बिल मागता आलं नाही. रक्कम मला फार तोकडी वाटते, पण तत्त्व पक्कं झालं.

याच निकालाने हेही सांगितलं की जास्तीच्या शस्त्रक्रियेची शक्यता आधी समजावून, तिची स्पष्ट संमती आधीच घेता येते. म्हणजे त्या मोघम वाक्याच्या जागी नेमकं लिहून घेणं तुमच्या हातात आहे: ‘फक्त गर्भाशय काढावे. अंडाशय निरोगी दिसल्यास ठेवावेत.’ हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण आत काय सापडेल याचा अंदाज त्यांनाच असतो. जीव धोक्यात आला तर मात्र कायदा त्यांना सहीसाठी थांबायला लावत नाही, आणि तसंच असायला हवं. भुलेबद्दल भूलतज्ज्ञांशी वेगळं बोला. दमा, बीपी, आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या सगळं सांगा.

आता घरातल्यांशी बोलणं, आणि हे मला सगळ्यात अवघड वाटतं. नवऱ्याला, सासूबाईंना, मुलाला आधीच सांगा की सही मी करणार. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून मागतात, ती द्यावी. पण सज्ञान, शुद्धीतल्या बाईच्या सहीऐवजी दुसऱ्या कोणाची चालत नाही. बाहेर येऊन कोणी ‘आणखी थोडं काढावं लागेल, सही करा’ म्हणालं, तर ‘जिवाला धोका आहे का?’ एवढंच विचारायचं, हे सोबत थांबणाऱ्याकडून वदवून घ्या.

दवाखान्यात न्यायच्या बॅगेत जुने रिपोर्ट, वही, पेन आणि वाचायचा चष्मा ठेवा. चष्मा आणि दागिने सकाळीच काढून नातेवाइकांकडे देतात आणि कागद त्यानंतर येतो, म्हणून वाचून होईपर्यंत चष्मा काढू नका. गुंगीचं इंजेक्शन सहीच्या आधी घेऊ नका. सही केलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढा.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचा आणि काय काय काढलं ते वहीतल्या नोंदीशी ताडून पाहा. काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट कधी मिळेल तेही विचारा. पूर्ण केसपेपर हवे असतील तर लेखी अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ते 72 तासांत द्यावे लागतात. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या.