इन्व्हर्टर न घेता वीज जाण्याची तयारी

कोथरूडला आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की हमखास वीज जाते, आणि माझं काम घरून. इन्व्हर्टर-बॅटरीचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून फक्त राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, घेतला. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षरातलं लेबल नीट वाचा. आमच्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर होतं. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. यूपीएसचे अँपिअर जास्त असले तरी चालतात. फायबर इंटरनेटची तार जिथे येते तो डबा राउटरपेक्षा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, नुसता राउटर चालू राहून उपयोग नाही.

उजेडासाठी हॉल आणि स्वयंपाकघरात चार्जिंगचे एलईडी बल्ब लावले. मेणबत्त्या काढूनच टाकल्या. सासूबाई रात्री उठतात, पडदे जवळ, उगाच जिवाला घोर कशाला?

पाण्याची सोय बिनखर्चाची: रात्री एक कळशी, एक बादली भरून ठेवायची, कारण वीज नाही तर पंप नाही. फ्रिज उघडायचा नाही. दार बंद राहिलं तर साधारण ४ तास गारवा टिकतो.

सासूबाईंची औषधं, चिठ्ठीची झेरॉक्स, टॉर्च आणि थोडी रोख रक्कम दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात असते. झाकणाच्या आत कागद चिकटवलाय: वीज तक्रार १९१२, आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८ आणि खालच्या काकूंचा नंबर. अक्षरं मुद्दाम मोठी काढलीत, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता यावीत म्हणून.