तेगुक बिघडतं ते पायात: पूमसे शिकताना आणि शिकवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या क्लासला नववीतला एक पोरगा आला. राहायला शिवाजी पेठेत, लहानपणापासून तालमीत जाणारा. मांड्या अशा की आमच्या ब्लॅक बेल्टवाल्या पोरांनी लाजावं. आधी दुसरीकडं वर्षभर तायक्वांदो केलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "सर, तेगुक इल जांग पाठ हाय." तेगुक म्हणजे रंगीत पट्ट्यांची आठ पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली; इल जांग त्यातलं पहिलं. म्हटलं, दाखव. 18 च्या 18 हालचाली त्यानं एका दमात केल्या, एकही विसरला नाही. शेवटचा पंच, दणदणीत किहाप, म्हणजे आरोळी. आणि उभा कुठं, तर चपलांच्या रॅकला नाक लावून. सुरुवात केली होती हॉलच्या मधोमध.

पोरं हसली, तोही हसला. मला मात्र तपासायला आयतीच जागा मिळाली. तेगुकची आखणीच अशी आहे की जिथून सुरू केलं तिथंच, फार तर वीतभर इकडंतिकडं, येऊन थांबायचं. नाही आलात, तर वाटेत पाय कुठंतरी खोटं बोललाय. हात कितीही सफाईनं फिरू देत, जमिनीवरचा हिशोब लपत नाही.

म्हणून पहिली सवय लावा ती खडूची. सुरू करताना दोन्ही पावलांभोवती रेघ मारायची, संपल्यावर किती सरकलो ते बघायचं. आणि नुसतं 'चुकलं' म्हणून सोडायचं नाही, कुठल्या बाजूला सरकलो ते बघायचं. इल जांगचा नकाशा म्हणजे एक उभा दांडा आणि त्याला तीन आडव्या पायऱ्या. आडव्या पायऱ्यांवर सगळं काम आप सोगीत, म्हणजे आखूड, चालण्याच्या पवित्र्यात. उभ्या दांड्यावरचं काम आप कुबीत, म्हणजे लांब पवित्र्यात: जाताना दोन पावलं, येताना दोन. त्यामुळं पोरगा डावीउजवीकडं सरकला असेल तर आप सोगी तपासा, पुढंमागं सरकला असेल तर आप कुबी. डावीउजवीकडची चूक बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर सापडते, कारण तिथं आप चागी, म्हणजे समोरची किक, आहे. किक मारल्यावर गुडघ्यातून पाय परत दुमडून न घेता तसाच धपकन पुढं टाकला की पवित्रा लांबतो, आणि तिथून पुढं सगळंच वाकडं.

आमच्या तालमीतल्या पोराचं दुखणं वेगळं होतं. त्याचे आप सोगी आणि आप कुबी एकच झाले होते. कुस्तीतला पवित्रा त्याच्या अंगात मुरलेला: कंबर खाली, छाती पुढं, भार चवड्यांवर. आप सोगीत सुद्धा तो तसाच बसायचा. मी म्हटलं, अरे, ताठ उभा राहा की. तर म्हणतो, "सर, असं ताठ उभं ऱ्हायलं की कोनबी पट काढंल." बरोबरच आहे त्याचं. तालमीच्या हौदात, कुस्ती खेळताना, त्यानं तेच करायला पाहिजे. इथं आप सोगी म्हणजे रस्त्यानं चालताना कुणी हाक मारली आणि आपण आहे त्या पावलावर थांबलो, तेवढंच. दोन्ही गुडघे मोकळे, अंग सरळ. महाद्वार रोडवर गर्दीत चालताना आपण दिवसातून वीसदा आप सोगी करतो. त्याला मी हॉलभर नुसतं चालायला लावलं आणि मध्येच टाळी वाजवली, की थांब. चार दिवसांत जमलं.

मोजमाप आपल्याच पावलानं करायचं, टेपनं नाही. सहावीतल्या पोरीचं पाऊल आणि कॉलेजच्या पोराचं पाऊल सारखं कसं असेल? आप सोगी मागच्या टाचेपासून पुढच्या अंगठ्यापर्यंत साधारण तीन पावलं. आप कुबी साधारण चार ते साडेचार. आप कुबीत पुढचा गुडघा इतका वाकवायचा की खाली बघितल्यावर गुडघ्याआड बोटांची टोकं झाकली जावीत. मागचा पाय सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल थोडं बाहेर वळलेलं, अंदाजे 30 अंश.

यातली सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात कमी सुधारली जाणारी चूक म्हणजे दोन्ही पावलं एकाच रेषेत येणं. डोंबारी दोरीवर चालतो तसं. पोरगं आरे माक्की, म्हणजे खालचा वार अडवायचा ब्लॉक, करतं तोवर ठीक, पण त्याच जागी मागच्या हाताचा पंच मारायला कंबर फिरवली की डुगडुगतं. शिक्षक ओरडतो, "तोल सांभाळ!" आता तोल काय सांभाळणार? दोन पावलांमध्ये आडवं मुठीएवढं अंतर ठेवलं की डुगडुग त्याच क्षणी थांबते. करून बघा.

हाताच्या चुका, ज्या खरं तर पायाच्याच असतात

पालकांना हात दिसतात. परीक्षकाला पाय आणि हात एकत्र दिसतात. पाऊल टेकणं आणि ब्लॉक किंवा पंच पूर्ण होणं एकाच क्षणी झालं पाहिजे. नव्या पोरांचं पाऊल आधी टेकतं, मग हात सावकाश मागून येतो, एसटी गेल्यावर स्टँडवर पोचलेल्या माणसासारखा.

हे डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं. पोरांकडं पाठ करून उभा राहा. पाऊल मॅटवर टेकल्याचा थप् आणि डोबोकच्या, म्हणजे तायक्वांदोच्या ड्रेसच्या, बाहीचा फट् असे दोन वेगळे आवाज आले, तर हात उशिरा आलाय. एकच आवाज आला तर जमलं. मी कधीकधी दहा-दहा मिनिटं भिंतीकडं तोंड करून शिकवतो. बाहेर बसलेल्या पालकांना वाटतं सर रुसलेत.

बाकी हाताचं थोडक्यात. आरे माक्कीत मूठ आपल्याच दुसऱ्या बाजूच्या खांद्यापासून निघाली पाहिजे. पोरं ती पोटापासूनच झटकतात. आन माक्की, म्हणजे आतल्या दिशेनं केलेला ब्लॉक, शरीराच्या मध्यरेषेवर थांबते, पलीकडं जात नाही. ओलगुल माक्कीत, म्हणजे चेहऱ्यावरचा वार अडवताना, मनगट कपाळापासून मुठीएवढं लांब असावं. ते डोळ्यांसमोर आलं तर समोरचा दिसणारच नाही. आणि जो हात मारत नाही तो कमरेला, पट्ट्याच्या वर, घट्ट. तो सैल लोंबत राहिला की मारणाऱ्या हातातला जोर निम्मा जातो, कारण कंबर फिरवायला मागं खेचणारं काहीच उरत नाही.

साम जांगला अडकलेली गाडी

इल जांग आणि ई जांग, म्हणजे पहिलं आणि दुसरं, निभावून नेता येतात. तिसऱ्या, तेगुक साम जांगपाशी पहिल्यांदा द्वित कुबी, म्हणजे मागच्या पायावर भार देऊन बसायचा पवित्रा, येतो आणि आधी लपवलेलं सगळं बाहेर पडतं. पावलं काटकोनात, सुमारे 70 टक्के भार मागच्या पायावर आणि 30 पुढच्या. पोरं मागच्या पायावर बसतात खरी, पण मागचा गुडघा आत पडतो. गुडघा त्याच पायाच्या बोटांच्या दिशेला राहिला पाहिजे. आत पडलेला गुडघा महिनाभर तसाच राहू दिला की दुखायला लागतो, आणि मग आई विचारते, "सर, हिला मैदानात तर पाठवत नाही, मग गुडघा कशानं दुखतोय?"

तपासायची सोपी युक्ती: द्वित कुबीत असताना पुढचं पाऊल अंग न झुकवता अलगद उचलायला सांगा. उचलताना सगळं अंग मागं डोललं तर भार मध्येच होता, मागं नव्हताच.

साम जांगमध्येच द्वित कुबीतून आप कुबीत जाऊन पंच मारायचा असतो. तिथं पुढचा पाय सरकवून पवित्रा बदलायचा असतो. निम्मी पोरं पाय तिथंच ठेवून नुसतं अंग पुढं झोकतात. मग ना हा पवित्रा, ना तो. याला मी एक नाव ठेवलंय, 'पुलावरची गर्दी'. पंचगंगेला पाणी आलं की लोक पुलाच्या कठड्याला धरून पुढं वाकून बघतात ना, अगदी तसंच दिसतं.

आपल्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या चुका

आता स्वतःकडं येतो. सुरुवातीची दोन वर्षं मी सगळं पूमसे मोजून घ्यायचो. हाना, दुल, सेत, नेत, म्हणजे कोरियनमध्ये एक, दोन, तीन, चार. वीस पोरं एकदम हलतात, सुरेख दिसतं, फोटोही छान येतो. मग एका स्पर्धेला घेऊन गेलो. तिथं पोरांना एकट्यानं करायचं होतं, मोजणारं कोणी नाही. माझी एक चांगली पोरगी प्रत्येक हालचालीनंतर कुणीतरी आकडा म्हणेल म्हणून थांबल्यासारखी थबकत होती. चूक एकही नाही, पण सगळं पूमसे एका चालीत, घड्याळाच्या काट्यासारखं.

गुण कसे देतात ते बघितलं की हे का महागात पडतं ते कळतं. मान्यताप्राप्त पूमसेला 10 पैकी 4 गुण अचूकतेला आणि 6 सादरीकरणाला असतात. सादरीकरणाचे तीन भाग, प्रत्येकी 2 गुण: वेग आणि ताकद, लय, आणि अंगातून दिसणारी ऊर्जा. अचूकतेत लहान चुकीला 0.1 आणि सांगितलेली हालचाल सोडून भलतीच केली तर 0.3 जातात. म्हणजे आम्ही 4 गुणांसाठी वर्षभर घसा कोरडा केला, आणि 6 गुणांकडं बघितलंच नाही. आता मी नवीन पूमसे पहिला आठवडा मोजून घेतो. नंतर आकडा बंद. पोरं आपल्या श्वासावर करतात. पहिले दोन दिवस गोंधळ होतो, तो होऊ द्यावा.

दुसरी चूक: पोरांसमोर तोंड करून दाखवणं. समोर उभं राहून मी डावा हात उचलला की निम्मी पोरं उजवा उचलतात, आणि एकदा तो अंगात बसला की काढायला महिना जातो. पाठ करून उभे राहा. पोरं मागं काय करतायत ते बघायला हॉलला आरसा नसेल तर एखादं मोठं पोरगं बाजूला उभं करा.

तिसरी, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी: एकाच फेरीत पाच चुका सांगणं. "मान वर, मूठ कमरेला, गुडघा वाकव, किहाप कुठाय, पाय दुमड!" पोरगं यातलं एकही करत नाही, कारण कशाला आधी हात घालायचा ते त्याला कळतच नाही. एका फेरीला एकच सांगायचं. आणि पहिली चूक नेहमी पायाची निवडायची, कारण पाय नीट झाला की वरच्या दोन-तीन आपोआप जातात. माझ्या अनुभवात तरी हे कधी खोटं ठरलेलं नाही.

मोबाईलवरून शिकलेलं

बरीच पोरं घरी व्हिडिओ बघून येतात. बघावं, पण कुठल्या घराण्याचं आहे ते आधी ओळखावं. जनरल चोई होंग ही यांनी 1966 मध्ये आयटीएफ, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, स्थापन केली; त्यांच्या पूमसेसारख्या साच्यांना तुल म्हणतात आणि ते 24 आहेत. आपल्याकडं बहुतेक क्लासमध्ये चालतं ते 1972 मध्ये सोलमध्ये सुरू झालेल्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्यालयाचं पूमसे: रंगीत पट्ट्यांना आठ तेगुक, मग ब्लॅक बेल्टला कोऱ्यो आणि पुढची. आयटीएफमध्ये प्रत्येक हालचालीबरोबर अंग लाटेसारखं खालीवर होतं. त्यांच्या पद्धतीत ते बरोबर आहे. पण तेगुक करताना पोरगं प्रत्येक पावलाला उठाबशी काढायला लागलं, तर त्याचा मोबाईल बघा, उत्तर तिथं मिळेल.

पावसाळा, मॅट आणि गुडघे

जूनपासून आमच्या हॉलमध्ये ओल येते. फरशी घामेजते, आणि जोडायच्या मॅटच्या फटी उघडतात. फटीत अंगठा अडकून दुखावल्याच्या घटना आमच्याकडं किकपेक्षा जास्त झाल्यात. रोज सुरुवातीला दोन पोरांना मॅट दाबून बसवायला लावा.

मॅटची दुसरी अडचण अशी की ती पाऊल धरून ठेवते. 180 अंशांत वळताना पाऊल अडकलं आणि अंग फिरलं की पीळ सगळा गुडघ्याला. वळण्याआधी टाच किंचित सुटली पाहिजे आणि चवड्यावर फिरायला पाहिजे. डोल्यो चागीत, म्हणजे बाजूनं फिरवून मारायच्या किकमध्ये, तर हे फारच महत्त्वाचं. युक जांगला, म्हणजे सहाव्या तेगुकला, ही किक येते तेव्हा मी पोरांना आधी साध्या फरशीवर, मोजे घालून, हळूहळू नुसता टेकलेला पाय फिरवायला लावतो. किक नंतर. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना फार खाली बसवू नका. मोठ्यांसारखा खोल पवित्रा दिसायला भारी वाटतो, पण त्यांना तो नको.

पालकांसाठी

"ब्लॅक बेल्ट कधी?" हा प्रश्न दर महिन्याला येतो. 15 वर्षांखालच्यांना कुक्कीवॉन दान, म्हणजे मोठ्यांची ब्लॅक बेल्टची पायरी, नव्हे, पूम देतं, आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. त्याची घाई करायचं काही कारण नाही. परीक्षेआधी पंधरा दिवस पुढचं पूमसे घोकून घेतलेलं पोरगं पास होतं, आणि पुढच्या महिन्यात मागचं विसरतं. नवा पट्टा बांधला तरी आठवड्यातून एकदा इल जांग घरी करून घ्या.

मोबाईलवर शूटिंग करायचं असेल तर समोरून करू नका. समोरून सगळ्यांचंच चांगलं दिसतं. पोराच्या कमरेच्या उंचीवर फोन धरून बाजूनं घ्या, आणि पावलं कापू नका. मला पाठवलेल्या व्हिडिओंपैकी निम्म्यांत पोरगं गुडघ्यापासून वरच असतं. चेहरा छान आलेला असतो, पण मला बघायचं असतं ते खाली राहिलेलं असतं.